रिंगचा कॅमेरा

बारामती स्टँडवर बावड्याची गाडी लागायची होती. माझ्या समोरच्या बाकावर एक वयस्कर फोटोग्राफर आणि त्यांची लेक बसली होती. दोघांच्या मांडीवर एकेक कॅमेरा.

"आबा, आजचं लगीन नव्या कॅमेऱ्यावर काढू. बटण अर्धं दाबलं की फोकस आपोआप हुतो."

"आन् नवरी सोडून मागच्या पडद्याला धरतो! माझ्यात लेन्समधूनच दिसतं. मधल्या गोलात तोंडाचं दोन तुकडं दिसत्यात, ते रिंग फिरवून जुळवायचं. मानसाचं काम हाय ते."

"मागच्या लग्नात नवरी पुसट आली."

"लॅबवाल्यानं घाण केली."

"सगळ्या रोलात?"

"सुप्रिया, आवाज खाली."

"बरं. द्या हिकडं, धूळ बसलीय, पुसते. हं, घ्या. आता त्या समोरच्या सायबांवर फोकस करून दावा."

"त्यात काय दावायचं? ही फिरवली रिंग... जुळलं बघ. नाक, डोळं, समदं खणखणीत."

"नीट बघा की आबा."

"बघतोय की! मिशा सुदिक दिसत्यात."

"आबा, लेन्सवर झाकण हाय. मी आत्ताच लावलं."

गाडी फलाटाला लागली. लोक दाराकडं धावले. ती दोघं बसूनच राहिली.

"कवापास्नं दिसत न्हाय?"

"मांडवात फोटू तू काढ. नव्या कॅमेऱ्यावर."

"आन् तुमी?"

"ह्यो माझ्या गळ्यात ऱ्हाऊ दे. झाकण लावूनच."