नाकातला हरभरा

तुम्ही हसाल, पण धुळ्याला सासूबाईंवर मी एकदाच ओरडले. माझ्या बाळूनं सकाळी नाकात हरभरा कोंबला होता आणि तो धुऊन काढायला त्यांनी तांब्या उचलला.

"पाणी नको! सालीतून आत शिरतं, दाणा नाकातच फुगेल!"

"फुगाले बठ्ठी रात लागस, मास्तरीणबाई!"

शाळेत मी मनुका भिजवून पाहिल्या होत्या, हरभरा नव्हे. चुकत असले, खरंच अख्खी रात्र लागत असली तर? तरी मामंजींची तपकीर बाळूच्या नाकापुढे धरलीच. अशी शिंक आली की हरभरा थेट मामंजींच्या बशीतल्या चहात!

सासूबाईंनी मला खोटं पाडायला तो वाटीभर पाण्यात टाकला. संध्याकाळी दाणा टम्म फुगलेला. मग तीच वाटी घेऊन त्या गल्लीभर माझ्या शिक्षणाचं कौतुक सांगत सुटल्या, "देखा व, मनी सून शिकेल शे!"