राजमातेच्या गळ्यातलं सोनं

सन्माननीय अध्यक्ष बेडियाकोकाका, व्यासपीठावरील मुखियामंडळी, शिक्षणखात्याचे पाहुणे, आज ज्यांना निरोप देतो आहोत ते आपले चित्रकलेचे शिक्षक ओबिरी सर आणि अबेनासे गावच्या बंधुभगिनींनो,

सरांबरोबर मी याच शाळेत शिकवते, म्हणून बोलण्याचा मान मला मिळाला. जेवणातलं फुफू गार व्हायच्या आत आटपा, अशी सूचनाही मिळाली आहे!

सरांच्या हातून घडलेलं सगळ्यात मोठं काम कोणतं? आपल्या दिवंगत राजमाता अफ्राकोमाआजींचं रंगचित्र. मुखियांच्या मंडळानंच ते काढायला सांगितलं, त्याबद्दल मंडळाचे आभार. आजी चित्रासाठी बसायच्या तेव्हा सोबतीला मी असायची. पहिल्याच दिवशी वाड्यावरून दागिन्यांची पेटी आली. आजींनी ती पायानंच सरकवली.

"उचल गं ही. सोन्याच्या खाणीत माझा नातू गाडला गेला. तेच सोनं गळ्यात घालून मिरवू?"

त्या खाणीचे मालक, अध्यक्षांचे भाचे, समोरच बसले आहेत. त्यांचंही स्वागत.

सरांनी आजींना सुतकाच्या काळ्या वस्त्रात, मोकळ्या गळ्यानं रंगवलं. चित्र पाहून आजी म्हणाल्या, "नाक जरा मोठं काढलंस हो मेल्या. पण मीच आहे ही."

पुढे आजी गेल्या आणि मंडळानं सरांना बोलावलं. अध्यक्षांनी विचारलं,

"गळा असा ओका कसा? गाव भिकेला लागलं म्हणतील लोक!"

"काका, त्यांनी घातलं नाही. मी कसं घालू?"

"अरे, रंगच तर फासायचाय! खरं सोनं मागतोय का तुझ्याकडे?"

सर नाही म्हणाले. मग कुमासी शहरातून दुकानांच्या पाट्या रंगवणारा आला, आणि आजींच्या गळ्यात, मनगटांवर, कपाळावर सोनं चढलं. पाठोपाठ सरांची बदली आली, थेट उत्तरेला, तामालेच्या पलीकडे. दोन्ही गोष्टींचा संबंध मी जोडत नाही. आपण सगळे सुज्ञ आहात.

आज सकाळी सर आणि मी सभागृह झाडत असताना आजींची लेक सेरवा आली होती. खाणीत गेला तो तिचाच मुलगा. चित्रावर तेव्हा वस्त्र घातलं नव्हतं; त्यासमोर ती बराच वेळ उभी राहिली. मग मला विचारलं, "ताई, ही कोण?"

सर म्हणाले, "सेरवा, या सोनेरी रंगाखाली त्याच आहेत. सांग, आत्ता खरवडतो."

"नको, दादा. तुम्हाला लेकरं आहेत. जा तुम्ही."

सर, तुमची बाजू मांडायला हे गाव उठलं नाही. उत्तरेत तुम्हाला चांगली माणसं भेटोत, एवढंच म्हणते.

आता कार्यक्रमपत्रिकेनुसार मागच्या चित्रावरचं वस्त्र मी दूर करायचं आहे. अध्यक्षमहाराज, ते माझ्याच्यानं होणार नाही. सेरवा पहिल्या रांगेत बसली आहे. तिच्यादेखत ते आपण स्वतः दूर करावं.

सर्वांनी शांतपणे ऐकलंत, आभारी आहे. बोलण्यात उणंअधिक झालं असेल, तर वयाकडे पाहून पोटात घाला. मी माझ्या जागेवर जाते.