ओर्सुलाचा पहारा

मौमेरे गावच्या दवाखान्यात रांगेत माझ्या मागे दोघी बहिणी बसल्या होत्या, मध्ये त्यांची म्हातारी आई.

“डेल्फी, डुकराला घातलंस का गं खायला?”

“घातलं, आई. ओर्सुलाताई, सकाळपासून अकरा वेळा विचारलंय हिनं! वेड लागेल मला.”

“मनावर पहारा ठेव. फादर रविवारी देवळात म्हणाले ना, प्रभू कुठल्या घटकेला येईल सांगता येत नाही, जागे राहा.”

“जागीच आहे. तीन रात्री झोपू दिलेलं नाही हिनं.”

“तसलं जागं नव्हे गं! राग तोंडातून बाहेर पडायच्या आत आपल्याला कळला पाहिजे. मी रोज तासभर देवळात बसून तेच शिकते.”

“देवळात आई नसते, ताई.”

“डेल्फी, डुकराला घातलंस का?”

“घातलं, आई. रताळ्याचा पाला घातला.”

“ओर्सुला, खरंच घातलं का गं हिनं?”

“अगं किती वेळा तेच तेच! गप्प बस की जरा!” ओर्सुला ओरडली.

सगळी रांग वळून बघायला लागली. म्हातारी मान खाली घालून बसली. रांगेतली दोन माणसं आत जाऊन आली.

“आई,” शेवटी ओर्सुला म्हणाली, “विचार ना परत.”

“काय विचारू?”