मंगळवारची ठोकाठोक

हळू ठोका म्हणे! अहो, हळू ठोकून पत्रा सरळ झाला असता तर लोकांनी गाड्या डेंटरकडे कशाला आणल्या असत्या, घरीच थोपटत नसते का बसले? बसा, त्या टायरवर बसा, पुसलेला आहे... तुमच्या दरवाजाला अजून वेळ आहे. आणि आज मंगळवार, मंगळवारी मला मध्येच कोणी टोकलेलं खपत नाही. एरवी तुम्हाला सांगतो, मी मुळात शांत माणूस. गल्लीत विचारा कोणालाही! फक्त एक करा, माझं बोलून झालं की 'ऐकलं' म्हणू नका. शिवी घाला, उठून जा, चालेल, पण 'ऐकलं' नाही! तो शब्द कानावर पडला की ही हातोडी आपोआप वर जाते.

का म्हणून काय विचारता? आमची ही हॉस्पिटलात फिजिओथेरपिस्ट. दिवसभर लोकांचे खांदे पिरगाळते आणि वर लोक तिचे आभार मानतात. तर हिला बारीक अक्षर दिसेना, म्हणून चष्मा करायला गेली. माणसं चष्मा घेऊन घरी येतात ना? ही चष्मा घेऊन आली आणि काही महिन्यांनी चष्मेवालाही घेऊन आली! म्हणजे घरात नाही हो, बोलण्यात. जेवताना, भाजी वाढता वाढता, आवाज जराही न चढवता... 'अहो, मला तो आवडतो. तुम्हीही आवडता. चोरून मी काही केलेलं नाही, करणारही नाही. पण मला दोघंही हवेत. असं उघडपणे राहणारी माणसं असतात, त्याला पॉलीअ‍ॅमरी म्हणतात.' मी म्हटलं, हे रंगाचं नाव आहे की रोगाचं? पन्नाशी उलटली माझी, उठताना गुडघे बोलतात, मुलगी लग्न होऊन गेली, आणि या वयात बायकोनं नवऱ्याचं पथ्यपाणी बघायचं की संख्या वाढवायची?

पण तुम्हाला सांगतो, मी मुळात शांत माणूस. एक शब्द बोललो नाही. ताट उचललं, भिंतीवर भिरकावलं, खाली उतरलो आणि स्कूटरला अशी लाथ घातली, अशी लाथ घातली की स्कूटर शेजारणीच्या कुंड्यांवर, कुंड्या पायऱ्यांवर, आणि माझा अंगठा टम्म! मग याच बायकोनं माझा पाय मांडीवर घेतला, पट्टी बांधली आणि बांधता बांधता उरलेलं सगळं समजावलं. पळणार कुठे? पाय तिच्या हातात! म्हणाली, 'त्या लोकांचा एक गट आहे. रविवारी सकाळी जमतात. एकदा या, सगळ्यांसमोर स्वतःची ओळख करून द्या. त्यानंतर तुम्ही नाही म्हणालात, तर मी त्याचं तोंड पाहणार नाही. शब्द देते.' आणि आमची ही शब्दाची इतकी पक्की की दिलेला शब्द तिला स्वतःलाही परत घेता येत नाही. मी म्हटलं, एवढंच ना? जायचं, नाही म्हणायचं, घरी यायचं. बायको वाचली!

गेलो. नाचाच्या क्लासचा हॉल हो, चारी भिंतींना आरसे! जिकडे बघावं तिकडे मीच रागावलेला, पुढून मी, मागून मी, टक्कल तर मला तेव्हाच पहिल्यांदा नीट दिसलं. गोल करून खुर्च्या. मला वाटलं होतं तरणी पोरं असतील, अंगावर गोंदलेली, तर कसलं काय! एक बेकरीवाला, त्याची बायको, एक बाई लोकर विणतेय, चारपाच आणखी अशीच, आणि सगळ्यांवर देखरेख करायला एक निवृत्त मुख्याध्यापिका! आवाज असा की मी आपोआप ताठ बसलो. 'नवीन माणसानं आपलं काम सांगायचं, मग आपली भीती सांगायची. मध्ये कोणी बोलायचं नाही. सल्ला नाही, वाद नाही. आपण फक्त ऐकलं म्हणायचं.' बेकरीवाल्यानं करून दाखवलं. 'मी बेकरीवाला. मला भीती वाटते की बायको आणि तिचा मित्र फिरायला जातील आणि मी भट्टीसमोर पाव भाजत बसेन.' सगळे एका सुरात, 'ऐकलं!' झालं. माणूस हलका होऊन खाली बसला.

आणि समोर तो. चष्मेवाला. मला वाटलं होतं कोणी देखणा असेल, निदान मारायला बरं वाटलं असतं! हा आपला माझ्याच वयाचा, माझ्यासारखंच पोट, आणि बायकोकडे असा बघतोय, असा बघतोय... जाऊ दे. मी उठलो. म्हटलं, मी डेंटर. 'ऐकलं.' म्हटलं, मला भीतीबिती वाटत नाही. 'ऐकलं.' म्हटलं, हा चष्मेवाला बसलाय ना, याची बत्तिशी पाडून याच्याच चष्म्याच्या डबीत भरीन! 'ऐकलं.' म्हटलं, याचं नरडं दाबीन, तंगड्या तोडीन, बरगडी बरगडी ठोकून सपाट करीन! 'ऐकलं.' ती विणणारी बाई तर टाका न चुकवता म्हणाली हो! अहो, समोरचा घाबरला तर ती धमकी, नाहीतर नुसती माहिती! मी घसा फोडून ओरडतोय आणि ही माणसं मान डोलावतायत. तुम्हाला सांगतो, मी मुळात शांत माणूस, पण असं 'ऐकलं ऐकलं' केलं तर देवमाणूसही खुनी होईल. मी खुर्ची उचलली आणि फेकली!

त्याच्यावरच फेकली होती, पण आरशात चार चष्मेवाले, कुठला खरा ते कळेना. गेली सरळ आरशावर! खळ्ळकन काचा! आणि त्या शांततेत मुख्याध्यापिका काय म्हणाल्या असतील? बरोब्बर. 'ऐकलं.'

मग तो उठला. काय थाट सांगू! आधी चष्मा काढला, फडक्यानं पुसला, डबीत ठेवला, डबी मिटली, खिशात घातली... मी वेड्यासारखा बघत उभा... आणि मग हाणला ठोसा! कानशिलात जाळ झाला. पण दुसरा ठोसा? चष्म्याशिवाय त्याला ढिम्म दिसत नव्हतं! तो बसला बेकरीवाल्याच्या नाकावर! बेकरीवाला रोज मण मण पीठ तिंबणारा गडी, त्यानं एक अशी ठेवून दिली, पण चष्मेवाला खाली वाकला आणि मिळाली मला! मी चष्मेवाल्याची कॉलर धरली, त्यानं माझा कान धरला, बेकरीवाल्यानं दोघांची मानगूट धरली, रक्त कोणाचं, शर्ट कोणाचा काही कळेना. मी मूठ उगारली, आता याचं थोबाड फोडणारच... आणि कमरेत कट्ट! उसण! मूठ वरच्या वर राहिली आणि मी उभ्याचा आडवा झालो.

आमची ही धावली. मला वाटलं, आता बघू कोणाकडे जाते. चष्मेवाला मानगूट चोळत बसलेला, मी लाकडासारखा पडलेला. माझ्याकडे आली हो! आली, मला पालथं केलं, पाठीत गुडघा रोवला आणि हात असा पिरगाळला की मला आजोबा-पणजोबा दिसले. 'हलू नका!' कोण हलतंय? आणि माझं तोंड फरशीवर, डोळ्यांसमोर काचा, वरून तिचा गुडघा, अशा अवस्थेत मुख्याध्यापिका म्हणतात, 'भीती सांगायची राहिली तुमची.'

काय बोलणार? खोटं बोलायला श्वास लागतो, तो तिच्या गुडघ्याखाली. फरशीलाच म्हटलं, ही जाईल. मी घरी येईन आणि घरात कोणी नसेल. मला एकट्याला जेवता येत नाही.

कोणी 'ऐकलं' म्हणालं नाही. पहिल्यांदाच! एवढ्या वेळा नको तिथं म्हणाले आणि आता सगळे गप्प. मग पाठीवरचा गुडघा सैल झाला आणि अगदी कानाशी, तिच्या आवाजात... 'ऐकलं.' तुम्हाला सांगतो, बेकरीवाल्याची लागली नव्हती इतकी ती लागली. रडलो मी. चष्मेवाल्यानं खिशातलं चष्म्याचं फडकं काढून दिलं, मेल्यानं!

परत येताना गाडी तीच चालवत होती. म्हणाली, 'बोला आता. नाही म्हणा, विषय संपला.' माझ्या तोंडात 'नाही' तयार होता, निघाल्यापासून चघळत होतो. तिच्याकडे बघितलं. डोळे समोर, दोन्ही हात स्टिअरिंगवर घट्ट. ती शब्द पाळणार होती. त्याचं तोंड पाहणार नव्हती. पण मग रोज समोर बसून शब्द पाळणाऱ्या बाईचं तोंड मी कसं पाहायचं? जन्मभर? मी म्हटलं, मंगळवारी जात जा. रात्री जेवायला मात्र घरी ये. तिनं सरळ गाडी खांबाला ठोकली.

तर आज मंगळवार. ती तिकडे आहे, रात्री येईल. येतेच, अजून चुकलेली नाही. मी इथे ठोकतोय. सकाळपासून तिसरा दरवाजा, हात थांबत नाही... हं, झाला बघा तुमचा. फिरवा हात, फिरवा! कुठे मार लागला होता ते सांगा पाहू? नाही ना सापडत? बाकीच्या दिवशी माझं काम असं होत नाही हो, जुनी गिऱ्हाईकं आता मोठा मार लागलेली गाडी मंगळवारसाठीच राखून ठेवतात. तुम्हीही पुढच्या वेळी ठोकलीत, तर मंगळवारी आणा. बाकी सहा दिवस काही उपयोग नाही माझा... मी मुळात शांत माणूस.