दोनच्या स्पीडनं

गुरुशांत : पण व्हॉइस नोटमध्ये तर वयस्कर बाईचा आवाज होता. तू कोण?

दुर्गा : मोबाईल माझा, आवाज त्यांचा. 'बोरामणीची ताई' म्हणून मीच पाठवलं. त्यांच्याकडं बटनाचा फोन हाय.

गुरुशांत : मग त्यांना घेऊन यायचं ना. मेसेजमध्ये स्पष्ट लिहिलं होतं मी. पार्ट टूसाठी लोक मागं लागलेत. तीन दिवसांत सव्वा लाख जणांनी ऐकलंय.

दुर्गा : ह्योच का स्टुडिओ? मला वाटलं काय आसंल. भिंतीला चार चादरी आन् एक माईक.

गुरुशांत : चादरीनं आवाज घुमत नाही. पंखा लावता येणार नाही, आधीच सांगतो. शेजारचे यंत्रमाग जेवणाच्या सुट्टीला थांबलेत, दीडला परत सुरू होतात. तेवढ्यात उरकायचंय. ताईंचं पुढं काय झालं ते तुला माहितीय का? नाव काय तुझं?

दुर्गा : दुर्गा. म्हायती हाय की सगळं. पण आदी एक विचारू का अनीशदादा? आमची नोट पुरी ऐकली का तुमी?

गुरुशांत : ऐकल्याशिवाय एपिसोड केला का?

दुर्गा : अकरा मिनिटं हाय म्हणून म्हणलं.

गुरुशांत : दिवसाला शंभर येतात. मी सगळं दोनच्या स्पीडनं ऐकतो. मुद्दा कळतो तेवढ्यात.

दुर्गा : मधी रडतात त्या. दोनच्या स्पीडनं रडणं कसं येतं ओ ऐकू?

गुरुशांत : चिमण्या भांडल्यासारखं. सवय होते. चल, माईकजवळ बस.

दुर्गा : बसते. त्यांच्या चपलेबिपलेचं, शाळंच्या तारंचं तुमी काय घेतलंच न्हाय.

गुरुशांत : डिटेल झालं की लोक पुढं ढकलतात. मधीमधी कानडी होतं, ते पण सोडलं. आणि नोटेला शेवटच नव्हता. 'पोरगं बोलत न्हाय माझ्याशी' म्हणाल्या आणि बंद. असं सोडलं तर लोकांनी कमेंटमध्ये काय लिहायचं?

दुर्गा : म्हणून 'नवरा मेल्यावर ती घरासाठी परत आली' हे तुमी लावलं.

गुरुशांत : लावावं लागतं. त्याच्यावरच तर पोल चालला. 'मुलानं अशा आईला घरात घ्यावं का?' एक्क्याण्णव टक्के 'नाही'.

दुर्गा : तुमी काय दाबलं?

गुरुशांत : मी पण 'नाही'च दाबलं. आकडा सुरू करायला पहिलं मत आपलंच टाकायचं असतं. झालं विचारून?

दुर्गा : एकच राहिलं. दिवाळीच्या आदी बार्शीची एक गोष्ट सांगितलेली तुमी. गालावर भाजल्याची खूण असलेली बाई.

गुरुशांत : 'ड्रायव्हरसाठी लेकरू सोडलं'. चांगली चालली ती. का?

दुर्गा : माझी बहीण हाय ती. चेतना.

गुरुशांत : ...हे बघ, नावं बदललेली असतात. खाली लिहितो मी तसं.

दुर्गा : नाव बदललं. गाल कुटं बदलला? भुसाराचं दुकान कुटं बदललं? बार्शीत गालावर उलथन्याचा डाग असलेल्या भुसारवाल्याच्या सुना किती असत्याल, दहा?

गुरुशांत : तिनं स्वतः पाठवलं होतं. मी मागायला गेलो नव्हतो.

दुर्गा : मी पाठवायला लावलं. ते म्हायती न्हाय तुला. टॉवेलच्या कारखान्यात कडा शिवते मी, नववीतनं शाळा सोडल्यापासनं. बावीस बायका, एक स्पीकर. दुपारी तुझा आवाज लावायचा आन् मशीन चालवायची. माझ्या शेजारची तर तुझं ऐकल्याबिगर डबा उघडत नव्हती. चेतना नवऱ्याघरनं परत आली, चार दिवस भिंतीकडं तोंड करून पडलेली. मीच म्हणलं, अनीशदादाला सांग. तो ऐकतो.

गुरुशांत : तू-तुकारी करू नको.

दुर्गा : ड्रायव्हर कुटनं आणला?

गुरुशांत : काय?

दुर्गा : तिच्या नोटमधी नवरा होता, उलथनं होतं, झोपलेली श्रावणी होती, चार वर्षांची. रात्री हिला भाईर काढून दार लावून घेतलं, ते परत उघडलं न्हाय. एवढंच होतं. ड्रायव्हर कुटनं आणला?

गुरुशांत : 'नवऱ्यानं मारलं' अशा दिवसाला वीस येतात. कोण ऐकणार? गोष्टीत एखादा माणूस लागतो.

दुर्गा : आन् सुरुवातीला म्हणायचं, 'ऐका तिच्याच शब्दांत'.

गुरुशांत : ते सगळ्याच एपिसोडला असतं.

दुर्गा : श्रावणीचं ठरवायच्या बैठकीत तिच्या सासऱ्यानं फोन मधी ठिवला आन् तेच लावलं. पाच माणसं बसलेली, आमचा बाप धरून. म्हणला, बघा, बाईच कबूल करतीय तिच्याच शब्दांत. बापानं भाईर येऊन चेतनाचा फोन दगडावर आपटला. तिची नोट गेली त्यात. सात महिने झाले, पोरीला बघू देत न्हाईत तिला. आन् आमच्या कारखान्यात सगळ्या बायका ऐकत होत्या आन् शिव्या घालत होत्या, मी तितंच बसून कड शिवत होते. तू कुणाची कमेंट वर चिकटवली आठवतंय?

गुरुशांत : नाही.

दुर्गा : 'अशीला उभी जाळा.' त्याला तू लाल बदाम पण दिलता.

गुरुशांत : ते... ज्या कमेंटला जास्त उत्तरं येतात ती वर जाते. मी कुणाला जाळा म्हणलो नाही. बरं, ऐक. तो एपिसोड मी काढून टाकतो. आत्ता, तुझ्यासमोर. मग तर झालं?

दुर्गा : काढून काय होतंय. सासऱ्याच्या फोनात हाय की तो.

गुरुशांत : मग कशाला आलीस? पार्ट टू नाहीच ना तुझ्याकडं?

दुर्गा : हाय की. त्योच तर घेऊन आले, गुरुशांत.

गुरुशांत : हे नाव कुणी सांगितलं तुला?

दुर्गा : तुझ्याच एका लाईवमधी खालनं कुणीतरी आरडला, 'गुरुशांत, पार्सल.' मागांची खडखड पण येत होती. साखर पेठेतले माग धुंडत गेले. सुट्टीच्या दिवशी, दर सुट्टीच्या दिवशी. तीन महिने लागले. मंग तुझं गाव काढलं. अक्कलकोट.

गुरुशांत : तू माझा पाठलाग करत होतीस?

दुर्गा : तू म्हणतोस ना दर वेळी, 'तुम्ही माझं कुटुंब आहात'? मी म्हणलं, बघू तरी कुटुंबात कोण कोण हाय.

गुरुशांत : उठ. उठ इथनं.

दुर्गा : पार्ट टू ऐक, मंग उठते. बोरामणीच्या ताईंना नवऱ्यानं हाकलून दिलं. पोरगं सहा वर्षांचं. सासूनं पोराला सांगितलं, आई पळून गेली. ती गेल्ती माहेरी, कर्नाटकात आळंदकडं. पण दर गुरुवारी एसटीनं यायची. गुरुवारी स्वामींच्या दर्शनाची गर्दी असती, वळखत न्हाय कुणी. पदर ओढून शाळंच्या तारंच्या कुंपणापल्याड उभी राहायची, मधल्या सुट्टीत. चार वर्षं. पोराच्या उजव्या चपलेचा अंगठा तुटलेला. तितं त्यानं तांब्याची तार गुंडाळलेली, मागावरची न्हाय, पंख्याच्या मोटारीतली, लाल. ती तार पायाला लागत आसंल म्हणून तिनं एक दिवस नवी चप्पल तारंवरनं आत टाकली. पोरानं घरी नेली. आजीनं चुलीत घातली. चपलेचं ह्येच डिटेल लई झालं तुला.

गुरुशांत : ती चप्पल... निळ्या पट्ट्याची होती.

दुर्गा : पट्टा कसला ते मला म्हायती न्हाय. त्या ताईंनी, मायाक्कांनी सांगितलं न्हाय.

गुरुशांत : तिचा आवाज होता तो?

दुर्गा : अकरा मिनिटं. मठाच्या रस्त्याला तिच्या फुलांच्या पाटीशेजारी बसून मी भरलाय. 'मगा, मगा' म्हणत पोराला हाक मारून रडत होती. तू कानडी म्हणून काढून टाकलं.

गुरुशांत : मला कुणी सांगितलंच नाही हे. मला वाटायचं... आजी म्हणायची...

दुर्गा : तू कवा विचारलं? ती परत येऊन अक्कलकोटात फुलं विकती, तिच्याकडं दिवाळीला दोन घंटे जातोस. ती म्हणली, पोरगं कानात वायरी घालून बसतंय. लोकांचं ऐकत असतंय म्हणली, लई मोठं काम करतंय.

गुरुशांत : तिला माहीत होतं, माझ्याकडं पाठवणार आहेस ते?

दुर्गा : न्हाय. मी म्हणलं, सोलापुरात एक चॅनल हाय, बायकांचं ऐकून घेतात.

गुरुशांत : मग तू काय वेगळं केलंस माझ्यापेक्षा? तिला फसवून बोलायला लावलंस आणि एक लाख लोकांच्या तोंडी दिलंस. माझी आई हाय ती.

दुर्गा : व्हय. केलं. तुला कुटं लागतंय ते बघायचं होतं. लागलं ना? चेतनाला आसंच लागलं.

गुरुशांत : आईनं ऐकलाय एपिसोड?

दुर्गा : काल मीच लावला. नारळवाला पण होता शेजारचा, त्यानं कमेंट वाचून दाखवल्या. मी नको म्हणत होते, तरी वाचल्या.

गुरुशांत : ती काय म्हणाली?

दुर्गा : ते फुकट न्हाय सांगणार.

गुरुशांत : दुर्गा, काय म्हणाली ती?

दुर्गा : आदी लाईव कर. तोंड दाखवून. खरं नाव सांगून. म्हण, बार्शीच्या गोष्टीतला ड्रायव्हर मी घातला, त्या बाईच्या नोटमधी तो नव्हता. येत्या रविवारी शेवटची बैठक हाय. मला ते त्या पाच माणसांम्होरं लावायचंय.

गुरुशांत : माझा चेहरा कुणी पाहिलेला नाही. चार वर्षं आवाजावर उभं केलंय हे मी. एकदा हा खोटं लावतो म्हणून कळलं, तर कोण पाठवील मला काही? कोण ऐकंल?

दुर्गा : बघ बाबा. न्हायतर मायाक्काची नोट मी टाकते तुझ्या नावागावासकट. साध्या स्पीडची. मंग पोल घेऊ, चूक कुणाची.

गुरुशांत : तसं करू नको. तिला परत त्यात ओढू नको.

दुर्गा : मंग फोन घे. दीडला पंधरा मिनिटं हायत.

गुरुशांत : ...काय बोलू मी?

दुर्गा : लाखाला सांगतोस आन् मला विचारतोस? झालं ते बोल.

गुरुशांत : चालू झालंय. थांब... नमस्कार मंडळी. मी अनीश म्हणतो स्वतःला, पण माझं नाव गुरुशांत. हा माझा चेहरा. दिवाळीच्या आधी मी बार्शीच्या एका ताईंची गोष्ट सांगितली होती. त्यात एक ड्रायव्हर होता. तो ड्रायव्हर मी घातला. ताईंच्या बोलण्यात असा कुणी माणूस नव्हता. त्यांना मारून रात्री घराबाहेर काढलं होतं, आणि लेकरू आत झोपलेलं होतं. त्यांची मूळ नोट माझ्याकडं आहे, ती मी त्यांच्या बहिणीला देतोय. माझं चुकलं. आणि... परवाच्या गोष्टीतल्या आई घरासाठी परत आलेल्या नाहीत. ते पण मीच लावलं. त्यांचा मुलगा... तो मुलगा मी हाय. तुमी त्यांना काय बोलू नका. मला बोला. ...झालं. बंद केलंय. आलं का सगळं तुझ्या फोनात?

दुर्गा : आलंय. चेतनाची नोट पाठव.

गुरुशांत : पाठवली. कमेंट काय येतायत? माझ्याच्यानं बघवत नाही.

दुर्गा : पयली हाय, 'दादा दिसायला भारी.' दुसरी, 'काय ट्विस्ट दिला, अंगावर काटा.' आन् तीस-चाळीस जण विचारतायत, पुढचा भाग कवा.

गुरुशांत : त्यांना गोष्टच वाटली ही.

दुर्गा : तूच सवय लावलीस की. त्या पाच माणसांना तरी गोष्ट वाटू नये म्हंजे झालं. जाते मी.

(शेजारचे माग एकेक करून सुरू होतात.)

गुरुशांत : आईचं सांगून जा. कबूल केलंस तू.

दुर्गा : म्हणली, मेलास तू तिला. परत पाटीपुढं उभा राहू नको म्हणली.

गुरुशांत : ...बरं.

दुर्गा : बरं काय?

गुरुशांत : बरोबरच हाय तिचं. तू जा. मला ती नोट ऐकायचीय. पुरी.

दुर्गा : ह्या मागांत काय ऐकू येणार हाय तुला?

गुरुशांत : मग जातो अक्कलकोटला. तितं बसून ऐकतो. उभं करू दे, न करू दे.

दुर्गा : ...तुझ्यागत शेवट लावायला गेले, जमंना मला. तिनं तसलं काय म्हणलं न्हाय.

गुरुशांत : मग?

दुर्गा : तू 'नमस्कार' म्हणलास आन् तिनं तेवढ्यावर वळखलं. फुलं तशीच हातात. मला वाटलं आता रडती, शिव्या घालती, मला तेच पायजे होतं. शेवटपर्यंत ऐकलं तिनं. नारळवाल्याचं पण ऐकलं. मंग मला म्हणली, वाचतोय चांगलं. पण दम खाईना कुटंच. मधी जरा पाणी पी म्हणावं.