रघुनाथ

लग्नातल्या उखाण्यानंतर आमच्या आईने बाबांचं नाव एकदाच घेतलंय, तेही किंचाळून.

मी चौथीत होते. बाबा मिलिटरीत. सुट्टी संपवून पोलादपूरहून सीमेवर परत जायचं होतं, त्याआधी त्यांनी आम्हाला दिल्लीचं युद्ध स्मारक दाखवायला नेलं. भिंतीवर शहीद जवानांची नावं कोरलेली. मी शाळेतल्यासारखी मोठ्याने वाचत सुटले आणि एका नावापाशी थबकले.

"आई, इथे बाबांचं नाव हाय. रघुनाथ! आडनावपण आपलंच."

आईने वाचलं. मागे वळून बघते तर बाबा नाहीत. तिची बोटं माझ्या मनगटात रुतली. मला रडूच फुटलं. तिला नेहमीचं 'अहो' सुचेना.

"रघुनाथ! रघुनाथ!"

बाबा पाण्याची बाटली घेऊन धावत आले. "काय झालं गो?"

आई त्यांचे खांदे, हात चाचपत राहिली. मी भिंतीकडे बोट केलं. बाबांनी ते नाव वाचलं. मग म्हणाले, "हा दुसरा रघुनाथ, माझ्या आधीचा जवान हाय. पण नाव झकास घेतलंस. परत घे की."

"नाय," आई म्हणाली. "ते नाव भिंतीलाच राहू दे. मला माझे अहो हवेत."