टेलरचा गुडघा

लातूरच्या स्टँडवर जळकोटच्या गाडीची वाट बघत बसलो होतो. शेजारच्या बाकावर एक आजी आणि मांडीवर पांढरा ॲप्रन घेतलेली मुलगी.

“डाक्टरकीला हायस का, माय?”

“हो आजी. पहिलं वर्ष.”

“मंग आमचे मालक तुमच्याकडंच हायेत. उन्हाळ्यात वारले, देहदान केलं. टेलर होते.”

“आम्हाला नावं सांगत नाहीत, आजी. नंबर असतो.”

“हात तरी जोडता का?”

“पहिल्या दिवशी जोडले. फुलं वाहिली, शपथ घेतली. आता नुसत्या परीक्षा.”

“लई थकलीस. जेवलीस का?”

“हाताला लागलेला तिथल्या औषधाचा वास जात नाही. घास नको वाटतो.”

“त्यांच्या हाताला मशीनच्या तेलाचा वास यायचा. मी जेवायचीच की.”

“हं.”

“एक इचारू? मशीन चालवून चालवून त्यांचा उजवा गुडघा लई दुखायचा. मलम लावलं तरी वरडायचे. आत काय झालतं, दिसलं का?”

“अजून हातच चालू आहेत. पाय दिवाळीनंतर. पण टेबलं बरीच आहेत, आजी. त्यातले तुमचे कोणते, मला कसं कळणार?”

“मंग समद्यांचेच गुडघे हळू धर, माय.”